चंद्रावरची चार माणसं

रविवारी सकाळी सूनबाई खुर्च्या मांडत होती तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. म्हणजे नानी बोलत होत्या, पण त्या धरायच्या नाहीत. त्या अबोल्यातसुद्धा बोलतात. नाना आणि आत्या ही सख्खी भावंडं मात्र शुक्रवारपासून तिसऱ्या माणसामार्फतच बोलत होती, आणि तो तिसरा माणूस दर वेळी नेमकी सूनबाई निघत होती. "तिला विचार, मीठ हवंय का." "त्याला सांग, मला हात आहेत." दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून जेवायचं म्हणजे ताटाकडे बघायलाही फुरसत मिळत नाही हो.

शुक्रवारी झालं ते असं. जेवताना आत्यानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि उद्या केस कापायला जाणार आहे अशा सुरात सांगितलं की येत्या गुरुवारी ती आणि दातांचे डॉक्टर नोंदणी कचेरीत जाऊन लग्न करणार आहेत. साक्षीला तीन माणसं लागतात. एक डॉक्टरांची बहीण, एक तिचा नवरा. "आणि तिसरा तू, दादा."

नानांचा चेहरा शाईच्या रुळासारखा काळा झाला. "साठी उलटली तुझी. लोक काय म्हणतील?"

"लोकांना विचारून सांगते."

"मी येणार नाही. आणि तो दातवाला या घरात पाय ठेवणार नाही."

"रविवारी ठेवतील. मी त्यांना खेळायला बोलावलंय. मी जिंकणार, तुला साक्षीला यायला सांगणार, आणि मग तू कसा येत नाहीस ते बघते."

नानांनी ताट बाजूला सारलं, पण नाही म्हटलं नाही. कारण रविवार हा छापखान्याचा वाढदिवस होता, आणि छापखान्याच्या वाढदिवसाचा नियम या घरात कुणी मोडत नाही.

हा छापखाना घराच्या तळमजल्यावर. नानांच्या वडिलांनी तो काढला आणि त्यात बिलबुकं, पत्रिका, हस्तपत्रकं छापता छापता स्वतःचं एक पुस्तकही छापलं: 'खिशातलं जग'. तळहाताएवढं, निळ्या पुठ्ठ्याचं. सगळ्या जगाचं सामान्यज्ञान प्रश्नोत्तरांत. सर्वांत लांब नदी कोणती, सर्वांत वेगवान प्राणी कोणता, पाणी किती अंशांना उकळतं. त्या काळी शाळेतली पोरं ते पाठ करायची, परीक्षेला जाणारे उशाला घेऊन झोपायचे. चार आवृत्त्या निघाल्या. चौथी एकोणीसशे सत्तर साली निघाली आणि त्याच वर्षी वडील गेले.

तेव्हापासून दर वाढदिवसाला घरात प्रश्नांचा खेळ होतो. जो जिंकेल त्यानं घराकडे एक मागणं करायचं, आणि घरानं नाही म्हणायचं नाही. आत्यानं एकदा नानांच्या मिश्या मागितल्या होत्या. त्यांनी रडवेल्या तोंडानं त्याच दुपारी उतरवल्या. आणि खेळाचा मुख्य नियम एकच: पुस्तकात आहे ते बरोबर. जग पुढे गेलं असेल तर जगाची मर्जी. चौथ्या आवृत्तीत लिहिलंय की चंद्रावर चार माणसं उतरली, तर चारच उतरली. नंतरचे आठ जण या घराच्या हिशेबी अजून वाटेतच आहेत.

सूनबाई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी तिनं खरी उत्तरं दिली आणि तिला भोपळा मिळाला. तिची मुलगी तर शाळेच्या पेपरात गुरूला बारा चंद्र लिहून आली होती. बाईंनी घरी बोलावणं पाठवलं, तेव्हा नाना स्वतः निळं पुस्तक घेऊन भांडायला गेले होते. आता मुलगी लांबच्या वसतिगृहात राहते आणि म्हणते, मला दोन जगं माहीत आहेत, एक घरचं आणि एक मार्कांचं.

खुर्च्या मांडून झाल्या. सूनबाईनं नानांच्या टेबलावरचं पुस्तक सरळ करायला उचललं आणि थबकली. पुस्तकातून कागदाच्या पट्ट्या बाहेर आल्या होत्या. कटिंगच्या मशीनखाली पडतात तसल्या अरुंद पट्ट्या. काही पांढऱ्या, काही पिवळ्या. नियमाप्रमाणे पान डोळे मिटून उघडायचं असतं.

"अहो," तिनं नवऱ्याला, म्हणजे नाना-नानींच्या थोरल्या मुलाला, दंडाला धरून बाजूला घेतलं. "नानांनी प्रश्न काढून ठेवलेत."

थोरल्याच्या हातात गुणांची पाटी होती. त्यानं पुस्तकाकडे पाहिलं आणि मान फिरवली. "मला काही दिसलं नाही."

"डोळ्यांपुढे धरलंय!"

"मी गुण लिहितो गं. मला दोघांच्या मध्ये घालू नकोस. खाली मशीन चालवताना एका बाजूला नाना, एका बाजूला आत्या. मला त्या दोघांत आयुष्य काढायचंय."

"पांढरे कुणाला आणि पिवळे कुणाला?"

थोरल्यानं आवाज खाली आणला. "पिवळे अवघड. आत्याला. पांढरे आईला. काल नानांनी आईशी तह केलाय. आई जिंकणार, आणि 'वन्संनी हे घर सोडायचं नाही' असं मागणार."

"आणि आई तयार झाल्या?"

"आई म्हणाली, बघते."

सूनबाईनं पुस्तक होतं तिथं ठेवून दिलं. सासूबाईंचं 'बघते' म्हणजे काय असतं ते या घरात अजून कुणाला उलगडलेलं नाही.

•

डॉक्टर बरोबर दहाला आले. नानांना वाटलं होतं, उशिरा येईल, म्हणजे बोलायला जागा मिळेल. ते वेळेवर आल्यामुळे नानांचा पहिला राग वाया गेला.

दुसरा राग होता त्यांच्या दातांवर. पासष्टीच्या माणसाचे इतके पांढरे दात? नानांना ते दाखवेगिरीचं वाटलं. शिवाय या माणसानं घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात डोकावलेलं. आल्या आल्या थोरल्याला म्हणाले, "ती डावीकडची दाढ काय म्हणते?" नानींना म्हणाले, "कवळी बसली ना नीट?" जणू घरच्या माणसांची ख्यालीखुशाली विचारतायत. आणि नानी चक्क तोंड उघडून दाखवायला लागल्या!

"बसा," नाना म्हणाले. "दाराजवळ बसा. तिथं वारा येतो."

तिथून बाहेर जायलाही बरं पडतं, हे त्यांनी मनात म्हटलं.

आत्या खिडकीपाशी बसली. निळसर साडी, चष्मा केसांवर सरकवलेला. खाली छापखान्यात प्रुफं तपासतानाही ती अशीच बसते. रोज सकाळी नाना मूळ कागद मोठ्यानं वाचतात, अगदी स्वल्पविराम, पूर्णविरामासकट, आणि ती छापलेल्यावर बोट फिरवत ऐकते. चूक सापडली की "थांब" म्हणते. त्या एका "थांब"साठी नाना गेली कित्येक वर्षं वाचतायत. लग्नानंतरही ती रोज कामाला येणारच होती. डॉक्टरांचं घर दोन गल्ल्या सोडून तर होतं. पण नानांच्या मनानं तिला केव्हाच बोटीत बसवून साता समुद्रापार धाडलं होतं. लोकांचं निमित्त होतं. खरं दुखणं हे होतं की संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर ती जिना चढून वर येणार नव्हती.

"पहिला प्रश्न पाहुण्यांना," नानांनी मुद्दाम 'पाहुण्यांना'वर जोर दिला. "गुरूला चंद्र किती?"

डॉक्टर खूश झाले. "हे मी परवाच वाचलं. नव्वदच्या वर गेलेत म्हणे. अजून सापडतायत."

"चूक. बारा."

"बारा? मग बाकीचे?"

"बाकीचे आमच्याकडे धरत नाहीत," सूनबाई म्हणाली. "मलाही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. सवय होते."

"जगातला सर्वांत मोठा देश?" पुढच्या फेरीत नानांनी विचारलं.

"रशिया."

"चूक. सोव्हिएत संघ."

"अहो, पण तो तर मोडला ना? तीसेक वर्षं झाली की!"

"आमच्यापर्यंत बातमी आलेली नाही," नाना शांतपणे म्हणाले, आणि नानी तोंडावर पदर धरून हसल्या. नानांना चेव चढला. हा माणूस आपटत होता आणि ते बघायला मजा येत होती. तिसऱ्या फेरीला मात्र पान उघडलं आणि त्यांनाच धक्का बसला. पट्टी नसलेलं पान होतं. वाचल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"माणसाला..." त्यांनी खाकरून घेतलं. "माणसाला दात किती असतात?"

खोलीत एकदम गलका झाला. "अहो, हा फुकटचा गुण झाला!" नानी म्हणाल्या. थोरल्यानं तर पाटीवर खडू टेकवलाही.

डॉक्टर मात्र पुढे सरकून बसले. चाळीस वर्षांचा दवाखाना त्यांच्या चेहऱ्यावर आला. "कोणत्या माणसाला?"

"म्हणजे?"

"लहान मुलाला वीस. मोठ्याला बत्तीस म्हणतात, पण ते पुस्तकात. अक्कलदाढा सगळ्यांना येत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्यांत अठ्ठावीसवालेच भरपूर. तुमच्या मुलाचे एकोणतीस. तुमचे स्वतःचे—"

"उत्तर एका शब्दात द्यायचं असतं!" नाना ओरडले.

"मग कसं देणार? खोटं पडेल ते."

"बत्तीस! चूक! पुढे!"

आत्या खिडकीत इतकी हसली की तिचा चष्मा केसांतून घसरून मांडीवर पडला. नानांनी तिला असं हसताना किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही, आणि आवडलं नाही याचीच मग लाज वाटली, म्हणून त्यांनी घाईघाईनं तिच्यासाठी पिवळी पट्टी ओढली.

"बेबी, एव्हरेस्टची उंची. फुटांत."

"एकोणतीस हजार अठ्ठावीस."

"पनामा कालवा कधी खुला झाला?"

"हा माझा दुसरा प्रश्न झाला, दादा. आता वहिनींची पाळी."

"हां. हो. विसरलो." नानांनी पांढरी पट्टी उघडली. "बरं का गं, इंद्रधनुष्यात रंग किती?"

•

नानींनी "सात" म्हटलं खरं, पण त्यांच्या डोक्यात कुठं तरी खटकलं.

आधी त्यांना विचारलं होतं, कोळ्याला पाय किती. त्याआधी, वर्षात महिने किती. आता रंग. आणि वन्संना काय, तर एव्हरेस्ट! नानींनी नवऱ्याच्या हातातल्या पुस्तकाकडे नीट पाहिलं. पांढऱ्या पट्ट्या, पिवळ्या पट्ट्या. त्यांना काल रात्रीचा तह आठवला. "तू फक्त जिंक, बाकी मी बघतो," असं म्हणाले होते. बाकी मी बघतो म्हणजे हे होय!

या घरात आल्यापासून पन्नास वर्षं नानींनी हे पुस्तक ऐकलंय. भाजी चिरताना ऐकलंय, पोरांना झोपवताना ऐकलंय. पनामा कालव्याचं साल त्यांना झोपेत विचारा. फॅरनहाइटमध्ये पाणी दोनशे बारा अंशांना उकळतं हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं ठाऊक होतं. गेली कित्येक वर्षं दोघी नणंदा-भावजयांची या खेळात अशी जुंपायची की बाकीचे नुसते बघत राहायचे. कधी त्या, कधी वन्सं. आणि या माणसानं त्यांना वर्षात महिने किती विचारावं?

"अहो," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "मला अंमळ अवघड विचारा की."

"येईल तो प्रश्न विचारतो मी. पान आपोआप उघडतं."

"आपोआप," नानी म्हणाल्या. "असं होय."

खेळ पुढे सरकला. सूनबाईला ग्रह किती विचारलं, तिनं डोळे मिटून "नऊ" म्हटलं आणि वर "विद्यार्थ्यांनो, माफ करा," असंही पुटपुटली. डॉक्टरांना एकही गुण मिळाला नाही, पण प्रत्येक चुकीवर ते "अरे वा, असं होतं का तेव्हा?" असं इतक्या मनापासून विचारत होते की नानींना हसू आवरेना. हरताना इतका खूश दिसणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांचे स्वतःचे यजमान पत्त्यात हरले तरी दोन दिवस फुगून बसतात.

वन्संनी पनामा सांगितलं, फॅरनहाइट सांगितलं, अंतराळात गेलेल्या कुत्रीचं नावही सांगितलं. पण दर उत्तरागणिक त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. खेळताना वन्संचे डोळे चमकतात. आज त्या परीक्षेला बसल्यासारख्या दिसत होत्या. साठीच्या बाईला स्वतःच्या लग्नाला भाऊ यावा म्हणून कालव्याची सालं पाठ म्हणावी लागतायत, हे नानींच्या मनात आलं आणि त्यांना नवऱ्याचा सपाटून राग आला.

तसं वन्सं जाणार म्हणून त्यांचाही जीव तुटत होता. दुपारी चहा घेताना कुणाची उणीदुणी काढायची? यांना तर गावगप्पा सांगितल्या तरी पुरावा मागतात.

"शेवटचा प्रश्न," थोरल्यानं पाटी वर धरली. "आई आणि आत्या बरोबरीत. पाळी आईची. आई चुकली तर आत्याकडे जाईल."

नानांनी पांढरी पट्टी काढली. त्यांच्या ओठांवर हसू होतं, ते त्यांनी मिशीखाली दाबलं. "चंद्रावर आजवर किती माणसं उतरली?"

सूनबाईनं कपाळाला हात लावला. याचं उत्तर घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

नानींनी पदर सावरला, पाठ सरळ केली आणि नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या, "बारा."

नानांनी पुस्तकात पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. "काय?"

"बारा माणसं उतरली. सगळी परत आली. कधीच."

"अगं, चार! तुला माहीत आहे चार!"

"पेपर मीही वाचते हो. आणि मला महिने किती विचारणाऱ्यासाठी मी कशाला जिंकू? चुकले ना? मग द्या पुढे."

"आई!" थोरला म्हणाला, पण त्याच्या आवाजात इतका आनंद होता की नानांनी त्याच्याकडेही डोळे वटारून पाहिलं.

•

सगळे आपल्याकडे बघतायत हे आत्याला जाणवलं. वहिनींनी हळूच एक डोळा बारीक केला. पन्नास वर्षं भांड्याला भांडं लावलेली बाई तिच्यासाठी हरली होती.

"चार," आत्या म्हणाली.

"बरोबर," नाना कसेबसे म्हणाले.

सूनबाईनं टाळ्या वाजवल्या. थोरल्यानं पाटी टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांशी हात मिळवला, जणू तेच जिंकले होते. आत्या उभी राहिली. शुक्रवारपासून ती हे वाक्य घोकत होती: दादा, गुरुवारी तू साक्षीला यायचंस. नियम आहे. नाही म्हणता येणार नाही.

नाना पुस्तक मिटून बसले होते. मान खाली. मिश्या उतरवताना न्हाव्यापुढे बसले होते तसेच. ते येतील, हे तिला दिसत होतं. तोंड पाडून येतील, सही करतील, फोटोत बाजूला बघतील. आणि तिच्या लग्नाची आठवण म्हणून तेवढंच राहील.

"मला काही मागायचं नाही," ती म्हणाली.

"अगंबाई!" नानींचा जीव भांड्यात पडता पडता राहिला. "वन्सं, मी हरले कशासाठी मग?"

"वहिनी, थांबा. दादा, तुला नियमानं ओढत न्यायचं असतं तर मी मिश्यांसारखंच नेलं असतं. मला तसा नकोस तू. गुरुवारी मी लग्न करणार आहे, ते मी कुणाला विचारत नाहीये. तू आलास तर मला खूप आनंद होईल. नाही आलास तर मी रडेन, पण लग्न करेन. एवढंच."

डॉक्टर दाराजवळच्या खुर्चीतून अर्धवट उठले आणि नानांच्या नजरेनं परत बसले.

नाना मात्र ताडकन उभे राहिले. जबरदस्ती झाली असती तर त्यांनी सोसली असती. ही मोकळीक त्यांना सोसेना. "लग्न करेन म्हणे! या माणसाला तुझ्याबद्दल माहिती तरी काय आहे? मी तुला जन्मल्यापासून ओळखतो! ओ डॉक्टर, सांगा, ही चहात साखर किती घेते?"

"घेत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"चूक! दोन चमचे!"

"नाही हो," नानी म्हणाल्या. "सोडली त्यांनी. चहा मी करते ना, मला ठाऊक. वन्संचा कप वेगळा असतो, निळ्या काठाचा. तुम्ही कधी पाहिलात?"

नानांनी वळून बहिणीकडे पाहिलं. ती मानेनंच हो म्हणाली.

"बरं, साखरेचं जाऊ द्या. ही कशाला घाबरते, सांगा."

डॉक्टर विचारात पडले. "मला तरी काही आठवत नाही."

"पाण्याला!" नानांनी टेबलावर हात मारला. "बघा! पाण्याला घाबरते ती! नदीवर गेलो तरी काठापासून लांब बसते. एवढं मोठं तुम्हाला माहीत नाही?"

डॉक्टर अवघडले. त्यांनी आत्याकडे पाहिलं. सांगू का, अशा नजरेनं.

"मी सांगते," आत्या म्हणाली. "दादा, मी पोहायला शिकलेय. दर बुधवारी जाते. प्रुफं लवकर संपवून जाते ती दवाखान्यात जात नाही, तलावावर जाते. आता पाठीवर पडून पार पलीकडच्या काठापर्यंत जाते."

"पाठीवर?" थोरला म्हणाला. "आत्या, तू?"

नाना खाली बसले. आत्याला वाटलं, आपण फार लागेल असं बोललो. भावाचा तो मिटलेला चेहरा तिला बघवेना. या माणसानं तिच्याबद्दलचं सगळं जिवापाड जपून ठेवलं होतं, आणि त्यातलं एकेक आज सगळ्यांसमोर चूक ठरत होतं.

"मला सांगायला हवं होतंस," नाना अखेर म्हणाले. चिडून नाही.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस का?"

"नसतं." ते प्रामाणिकपणे म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळले. "तुम्हाला कसं माहीत असणार? हौदात पडली होती ही. खाली अंगणात हौद होता, कागद भिजवायचा. पाच वर्षांची होती."

"हे मला माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "कधी बोलल्या नाहीत. मग काढलं कुणी?"

"मी!" नाना म्हणाले, आणि मग जरा थांबून, "म्हणजे, मी उडी मारली. मला पोहता येत नव्हतं. मग आम्हा दोघांना छपाईचे खिळे जुळवणाऱ्या काकांनी काढलं. मानगुटीला धरून. आधी हिला आणि मग मला, आणि दोघांना एकेक थप्पड."

"मला दोन," आत्या म्हणाली. "माझ्या हातात त्यांची खिळे काढायची चिमटी होती. ती मी सोडली नव्हती."

"नाही, एकच. मी पाहिलं."

"तू पाहिलंस? तुझ्या नाकातोंडात पाणी होतं!"

डॉक्टरांनी दाराजवळची खुर्ची उचलली आणि न विचारता नानांच्या टेबलापाशी आणून ठेवली. "नाना, थांबा, पहिल्यापासून सांगा. लहानपणचं काही विचारलं की ह्या टाळतात. मी भेटलो तेव्हा ह्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. त्याआधीचं माझ्याकडे काहीच नाही. ते सगळं तुमच्याकडे आहे."

हे त्यांनी सरळ, दाढ दुखते का विचारावं तसं म्हटलं. नानांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. गोड बोलून गुंडाळायला बघतोय का, हे ते तपासत होते. त्यांना तसं काही सापडलं नाही.

"शाळेत हिला काय चिडवायचे, ते तरी माहीत आहे?"

"नाही."

"पहिला सिनेमा पाहताना पडद्यावर बूट कुणी फेकला?"

"ह्यांनी?" डॉक्टरांचे सगळे पांढरे दात दिसले.

"दादा, खबरदार सांगशील तर!"

"सांगणार. सगळं सांगणार." नानांनी खुर्ची पुढे ओढली. "सूनबाई, चहा टाक. डॉक्टरांना. आणि हिला बिनसाखरेचा."

सूनबाई उठली नाही. कुणीच उठलं नाही. नानी तर हनुवटी हातावर टेकवून बसल्या होत्या. नानांनी हौदाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, मग बुटाची. आत्या मधे मधे "थांब" म्हणत होती, आणि दर "थांब"ला ते थांबून दुरुस्त करत होते. काही ठिकाणी करत नव्हते. बूट बसला त्या टकल्या गृहस्थांपर्यंत गोष्ट आली आणि सगळे हसायला लागले. नानांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. तो स्वच्छच होता.

मग बहिणीकडे न बघता त्यांनी विचारलं, "गुरुवारी किती वाजता?"

"अगंबाई," नानी म्हणाल्या, "पन्नास वर्षांत पहिल्यांदा यांनी उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारला!"

सूनबाई आणि थोरला एकदमच सांगायला गेले, पण नानांनी हात वर केला. त्यांना उत्तर खिडकीकडून हवं होतं.

"साडेदहा," आत्या म्हणाली, आणि तिनंही आपला चष्मा पदराला पुसायला घेतला.